करंजाच्या तेलाचा हिवाळा

काल सकाळी डोक्याला तेल लावायला बाटली उपडी केली, तर खोबरेल जागचं हललं नाही. शिरूरला थंडी आल्याची बातमी मला दरवर्षी अशीच मिळते. बाटली गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवली आणि खाली येऊन दुकान उघडलं. माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, आणि कारखान्यांत कामाला आलेल्या परगावच्या पोरांच्या पॅन्टची उंची कमी करणं. त्यातलाच एक शटर वर जायची वाट बघत उभा होता. "भाभी, शाम तक मिलेगा ना?" मी हो म्हटलं, मशीनवर बसले, पायडल मारलं, तर मशीन जड. कुणीतरी पुन्हा खोबरेल घातलं होतं. मशीनचं तेल संपलं की शिकायला येणाऱ्या मुली हाताशी असलेलं खोबरेल ओतून मोकळ्या होतात. उन्हाळ्यात ते खपून जातं आणि थंडी पडली की आत थिजून बसतं. मी दरवर्षी ओरडते, आणि दरवर्षी कुणीतरी घालतंच.

थिजलेलं तेल पाहिलं की मला माहेरचा ट्रॅक्टर आठवतो. माहेर म्हटल्यावर बायकांना चिंचेचं झाड आठवतं, आईच्या हातची भाकरी आठवते. मलाही आठवते, नाही असं नाही. पण आधी येतो तो ट्रॅक्टर, आणि त्या एका हिवाळ्यात त्याच्यापायी आम्ही सगळ्यांनी केलेला खटाटोप.

माहेर नदीपलीकडं, दौंड तालुक्यात, राहूजवळच्या एका वस्तीवर. चारी बाजूंनी ऊस. दिवाळीनंतर उसाला तुरे येतात, गुऱ्हाळं पेटतात आणि सकाळच्या धुक्याला काकवीचा वास लागतो. तो वास नाकात गेला की मला अजून भूक लागते. ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडतात, कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर गाणी लावून दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात. हल्ली बिबट्याच्या भीतीनं लोक दिवस मावळायच्या आत घर गाठतात आणि मग वस्तीवर फक्त कुत्र्यांचा आवाज राहतो. बाकी हिवाळा तोच आहे.

मला दोन भाऊ. थोरला दादा आणि धाकटा विलास. आई गेल्यावर वाटणी झाली. जमीन वाटली, गुरं वाटली, भांडीकुंडी वाटली, विहिरीच्या पाण्याची पाळी ठरली. दोन घरं समोरासमोर झाली आणि मध्ये अंगण राहिलं. ट्रॅक्टर मात्र कापून वाटता येईना. मग पाण्यासारखीच त्याचीही पाळी लावली, एक दिवस दादाचा, एक दिवस विलासचा. तो उभा कुठं करायचा यावर जाणत्या माणसांसमोर बराच खल झाला. दादाच्या दारात उभा केला तर गाव म्हणणार दादाचा, विलासच्या दारात केला तर विलासचा. शेवटी जागा ठरली अंगणाच्या मधोमध, आप्पांच्या खोलीसमोर.

आप्पा म्हणजे आमचे वडील. तेही कुणाच्या वाटणीला आले नव्हते. दोन घरांच्या मधली जुनी खोली त्यांनी स्वतःला ठेवून घेतली होती आणि जेवण एक दिवस या घरचं, एक दिवस त्या घरचं. आप्पांची आणि ट्रॅक्टरची पाळी एकच आहे, असं मी एकदा बोलून गेले. माझं तोंड असंच आहे, आवरत नाही. दादाला राग आला. विलास हसला, पण दादाकडं बघून नाही, कारण दोघांचं बोलणं बंद होतं.

का बंद होतं ते विचारू नका. दोन्ही घरांतून मला वेगवेगळी कारणं ऐकायला मिळाली आणि एकही पटलं नाही. बरं, बंद म्हणजे अगदीच बंद नव्हतं. अंगणात उभं राहायचं आणि समोरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिसऱ्याशी बोलायचं, अशी रीत पडली होती. तिसरं माणूस नसलं तर म्हशीशी बोलायचं. "काल कुणीतरी टाकी रिकामी ठिवलीय बघ," असं दादा म्हशीला सांगायचा आणि विलास मुकाट्यानं डिझेलचा कॅन घेऊन यायचा. म्हशीला त्या काळात दोन्ही घरांतलं सगळं माहीत असणार.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर आप्पांचा दमा उचलला. दौंडच्या दवाखान्यात काही दिवस काढून ते घरी आले, तेव्हा दुकानाला कुलूप लावून मी त्यांच्याजवळ राहायला गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूळ आणि धूर टाळा. चूल केव्हाच गेली होती, दोन्ही घरांत गॅस होता. आप्पांनी आयुष्यात विडी ओढली नाही. मला वाटलं, इथं धूर कुठला. पहिल्याच सकाळी कळलं कुठला ते.

त्या हंगामात शेतीची वीज रात्री यायची. त्यामुळं गुरांच्या वैरणीची कुट्टी सकाळी ट्रॅक्टरवर करावी लागे. कुट्टीचं मशीन अंगणातल्या फरशीत बोल्ट मारून पक्कं केलेलं, तेही सामाईक, म्हणून तेही मधोमध. पट्टा चढवला, सेल्फ मारला, की तो जुना ट्रॅक्टर आधी खोकायचा आणि मग काळा लोट सोडायचा. कडब्याची एक एक पेंढी आत जायची तसा जोर लागायचा आणि आणखी एक एक लोट यायचा. धुराडं वर तोंड करून होतं, पण थंडीत धूर वर जायला बघत नाही. तो धुक्याखाली दबतो, पत्र्याखालून फिरतो आणि उघडं दार शोधतो. दार आप्पांचंच सापडायचं. मी दाराला गोधडी टांगायची, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायची. आप्पा भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात रोवून बसायचे आणि श्वास घ्यायचे. श्वास घेणं हे एवढं मोठं काम असतं हे मी तेव्हा पाहिलं. मला फार भीती वाटली.

"आप्पा, दार लावू का?"

"नगं. लावलं की आवाज येत न्हाई."

म्हणजे धुरानं जीव घाबरा होतोय, आणि ह्यांना ट्रॅक्टरचा आवाज ऐकायचाय. मी चिडले. पण ते खरंच ऐकत असायचे. कुणाच्या हातात ट्रॅक्टर आहे ते त्यांना खोलीत बसून कळायचं. दादा रेस जास्त देतो, विलास गिअर टाकताना घाई करतो, आज पट्टा सैल आहे, असं ते पुटपुटत राहायचे. वस्तीवरचा तो पहिला ट्रॅक्टर, त्यांनी आणलेला. दोन्ही पोरांना त्यांनीच चालवायला शिकवला. शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, की काम संपलं की लगेच बंद करायचा. उभ्या ट्रॅक्टरला डिझेल पाजायचं नाही. लहानपणी मी त्यांच्याशेजारी मडगार्डवर बसून शेतातून यायची, तेव्हा अंगणात चाक थांबायच्या आत त्यांचा हात बंद करायच्या कडीवर गेलेला असायचा. दादानं आणि विलासनं दुसरं काही पाळलं असो नसो, हे पाळलं. भांडणातही पाळलं.

धुराचं काहीतरी करा, म्हणून मी दोन्ही घरांत कटकट लावली. दादानं दोन दिवस विचार केला आणि अंगणात येऊन मला म्हणाला, "शैले, आप्पांना सांग, हे धूड इकून टाकू. त्यांची छाती बरी ऱ्हाईल, आन् ज्यानं त्यानं आपापलं बघावं." आप्पा दारातच बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं. त्या दिवशी दादाच्या घरून आलेलं ताट तसंच परत गेलं. संध्याकाळी त्यांचे पाय चेपत होते तर म्हणाले, "शैले, दोघांत तेवढं एकच ऱ्हायलंय. ते गेलं की अंगणात भित्त उठंल. मी कुठल्या बाजूला ऱ्हाऊ मग?"

डॉक्टर म्हणत होते धूर नको, आप्पा म्हणत होते ट्रॅक्टर हवा. मी त्यांच्या पायाला तेल चोळत राहिले.

तेल मंदानं दिलेलं होतं. मंदा म्हणजे विलासची बायको. तिचा लाकडी घाणा आहे. करडई, शेंगदाणा, तीळ गाळते आणि भांडगावला हायवेच्या कडेला बाटल्या विकायला नेऊन ठेवते. पण दमेकऱ्याच्या पायांना चोळायला तिनं दिलेलं तेल करंजाचं होतं. कॅनॉलच्या कडेला करंजाची झाडं रांगेनं आहेत, शेंगा पडून वाया जातात. ती बायका लावून त्या गोळा करायची. स्वतःच्या घाण्यात मात्र करंज कधी घालायची नाही, खायच्या तेलाला कडवट वास लागेल म्हणून. कोरेगाव भीमाजवळच्या तिच्या माहेरी जुना एक्सपेलर आहे, तिथून ते काढून आणायची. गुरांच्या अंगाला, खरजेला, दिव्याला. तपकिरी, दाट, आणि वास असा, की एकदा हाताला लागला की साबणानं जात नाही. त्या हिवाळ्यात माझ्या सगळ्या साड्यांना तो वास होता.

एका कृषी प्रदर्शनात मंदानं करंजाच्या तेलावर चालणारं इंजिन बघितलं होतं. डिझेलात थोडं तेल मिसळायचं, धूर कमी होतो, असं तिथला माणूस सांगत होता म्हणे. ती मला म्हणाली, "वन्सं, आपण बघायचं का करून? आप्पांसाठी." खायचं तेल घेऊ का, असं मी सुचवताच तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले. "खायचं ते खायचं," ती म्हणाली. "जाळायला देवानं हे दिलंय की." मग महिनाभर निवळलेलं तेल तिनं धोतराच्या फडक्यातून गाळलं, एकदा नव्हे दोनदा, आणि विलासनं चार भाग डिझेलात एक भाग तेल, असं मिश्रण टाकीत ओतलं. त्याच्या पाळीच्या दिवशी, अर्थात.

इंजिन तापलं, कुट्टी सुरू झाली आणि आम्ही तिघं धुराड्याकडं बघत उभे राहिलो. धूर गेला असं मी म्हणणार नाही. पण पातळ झाला. आधी काळा होता तो करडा झाला, आणि धुरातून पलीकडचा ऊस दिसायला लागला. डिझेलचा घशाला टोचणारा वास होता, त्याच्याऐवजी जळक्या करंजाचा कडू वास आला. आप्पा त्या सकाळी खोकले, पण उठून बसावं लागलं नाही. विलास इतका खूश झाला की तो जवळजवळ दादाला हाक मारणार होता. मी बघितलं, त्यानं तोंड उघडलं आणि मग म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

आता मला या गोष्टीचं वेगळंच काही वाटतं. शिरूरच्या हायवेला लागून करंजाची झाडं आहेत. गाड्यांच्या धुरानं काळवंडलेली, तरी चैत्रात त्यांना कोवळी हिरवी पालवी येते आणि खाली जांभळट फुलांचा सडा पडतो. ते झाड जी हवा पितं तिच्यातूनच शेंग भरतं, शेंगेतून तेल निघतं आणि ते जाळलं की झाडानं घेतलेलं पुन्हा हवेत जातं. खोल जमिनीतून उपसून आणलेलं नवीन काही त्यात येत नाही. आमच्या एका ट्रॅक्टरनं तालुक्याची हवा काही स्वच्छ होणार नव्हती. हंगामात रस्त्यानं ट्रॅक्टरांची रांग लागते आणि तिच्या मागं स्कूटरवर सापडलं की पदर नाकाला लावावा लागतो. पण हवा अशी सगळ्या तालुक्याची म्हणून कुणाच्या वाट्याला येत नाही. ती एका खोलीत, एका माणसाच्या छातीत जाते. आम्ही तेवढंच बघत होतो.

तेल पहिल्यांदा घातलं त्या संध्याकाळी विलास शेतातून आला, अंगणाच्या मधोमध ट्रॅक्टर उभा केला आणि आप्पांनी शिकवल्याप्रमाणं लगेच बंद केला. रात्री थंडी अशी पडली की सकाळी गवतावर पांढरं दिसत होतं. पाळी दादाची. त्यानं सेल्फ मारला, ट्रॅक्टर कण्हला. पुन्हा मारला. पुन्हा. मग कसंबसं इंजिन लागलं आणि धुराड्यातून दुधासारखा पांढरा, जाड धूर निघाला. तो काळ्यापेक्षा वाईट होता. डोळ्यांत जायचा, घशात बसायचा. आप्पांना त्या दिवशी आलेली उबळ मला अजून आठवते. मी औषधाचा पंप त्यांच्या तोंडाला लावत होते, आणि बाहेर दादा म्हशीला ओरडून सांगत होता की कुणीतरी ट्रॅक्टरला आमटी पाजलीय. हसू येण्यासारखं होतं, पण तेव्हा मी रडत होते.

आप्पांचा श्वास खाली बसल्यावर दादा आत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "संक्रांतीनंतर गिऱ्हाईक येतंय बघायला," तो हळू आवाजात म्हणाला. "मी सांगून ठिवलंय. ह्यांच्या जिवापुढं काय ट्रॅक्टर घिऊन बसायचं?" आणि तो चुकीचं बोलत होता असंही मला म्हणता येईना.

दुपारी मी डोक्याला तेल लावायला बसले. बाटली उन्हात ठेवायची विसरले होते. खोबरेल पांढरं होऊन बसलं होतं. मी तशीच बाटली घेऊन विलासकडं गेले. "हे बघ. माझ्या मशीनचं होतं तेच तुझ्या ट्रॅक्टरचं झालंय. गरम असताना वाहतं, थंडीत बसतं. रात्री त्याच्या नळीत तेल ठिवूच नको." करंजाचं तेल खोबरेलासारखं घट्ट होत नाही, पण दाट होतं, फिल्टरमध्ये अडतं, थंड इंजिनात नीट जळत नाही. विलासनं केडगावच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मोठ्या टाकीशेजारी एक छोटा डबा बसवला, त्यात निव्वळ डिझेल, आणि दोन्हीच्या मध्ये पितळी कॉक. सकाळी डिझेलवर चालू करायचा, इंजिन तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायचा. आणि संध्याकाळी काम झाल्यावर लगेच बंद करायचा नाही. कॉक परत डिझेलकडं फिरवायचा, जागेवर उभा ठेवून थोडा वेळ चालू ठेवायचा, म्हणजे नळीतलं आणि फिल्टरमधलं तेल जळून जातं आणि सकाळसाठी डिझेल भरून राहतं.

म्हणजे उभ्या ट्रॅक्टरला डिझेल पाजायचं. आप्पांनी जे करू नका म्हणून आयुष्यभर सांगितलं, नेमकं तेच.

विलासनं ते केलं. पहिल्या संध्याकाळी तो बिचारा आप्पांच्या दाराकडं चोरासारखं बघत होता. आणि दुसऱ्या सकाळी दादाच्या पाळीला ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला लागला, थोडा पांढुरका धूर सोडून मोकळा झाला. इंजिन तापल्यावर कॉक तेलाकडं मीच जाऊन फिरवला, आणि पुढंही दादाच्या पाळीला मीच फिरवायची. पण त्या संध्याकाळी दादानं काम संपवलं, अंगणात आला, चाक थांबलं आणि कडी ओढली. तेल नळीतच. पुढची सकाळ विलासची, पुन्हा तोच धूर, पुन्हा आप्पांची उबळ.

असं एक दिवसाआड सुरू झालं. विलासच्या थांबण्याचा फायदा दादाला, दादाच्या घाईचा ताप विलासला, आणि आप्पांना दोन्ही. मी दादाला समजावायला गेले. कॉक कसा फिरवायचा, का फिरवायचा, सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण त्याचं एकच पालुपद. "आप्पांच्या डोळ्यांदेखत उभा ट्रॅक्टर धडधडत ठिवायचा? त्यांनी शिकवलेलं त्यांच्याच दारात मोडायचं? ते त्याला जमतं, मला न्हाई जमत." मला राग आला आणि त्याचं वाईटही वाटलं. आप्पांचा मान राखायचा म्हणून तो आप्पांचाच श्वास कोंडत होता, आणि हे त्याला दिसत नव्हतं असं नाही, पण हात ऐकत नव्हता.

मी हे सगळं आप्पांना सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. ते दिवसभर दुसरं काय करत होते? ऐकतच होते. विलासच्या संध्याकाळी ट्रॅक्टर आल्यावर थोडा वेळ तसाच धडधडत राहतो आणि दादाच्या संध्याकाळी लगेच गप्प होतो. कुठल्या संध्याकाळनंतर कुठली सकाळ येते, हे त्यांच्या छातीला कळत होतं.

संक्रांतीच्या आधीची संध्याकाळ. मोठी वहिनी, म्हणजे दादाची बायको, अंगणात तीळ निवडत बसली होती. मंदा तिच्या ओट्यावर तेच करत होती. दोघींची पाठ एकमेकींकडं. उसाच्या शेंड्यांवर ऊन उरलं होतं. दादाची पाळी होती. ट्रॅक्टरचा आवाज बांधावरून जवळ आला तसे आप्पा कांबळं पांघरून उठले. मी धरायला गेले तर हात झटकला. दारापर्यंत आले, चौकट धरून उभे राहिले, दम घेतला. दादानं मधोमध येऊन ट्रॅक्टर थांबवला आणि सवयीनं हात कडीकडं नेला.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. इंजिनाच्या आवाजात दादाला शब्द ऐकू आले असतील का, कोण जाणे. पण त्यानं आप्पांचा वर केलेला हात बघितला. तो कडीवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

"चालू ऱ्हाऊ दे जरा. उद्या कुणाची पाळी हाय?"

दादानं मान खाली घातली. "त्याची."

"मग?"

एवढंच. दादा खाली वाकला. कॉक कुठं आहे हे त्याला शोधावं लागलं नाही, हात सरळ तिथंच गेला, आणि कुठल्या बाजूला फिरवायचा तेही विचारावं लागलं नाही. म्हणजे तो इतके दिवस विलासकडं बघत होता. मग तो सीटवर बसला, हात मांडीवर घेऊन, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. ट्रॅक्टर जागेवर धडधडत राहिला. आप्पा चौकटीला टेकून ऐकत होते. करंजाचा कडू वास हळूहळू कमी होत गेला आणि डिझेलचा आला. विलास त्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. म्हशीला त्या संध्याकाळी कुणीच काही सांगितलं नाही. आप्पांनी मान हलवली तेव्हा दादानं कडी ओढली.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. सकाळी विलासनं सेल्फ मारला आणि ट्रॅक्टर लागला, आणि मी दाराला गोधडी टांगली नाही. आप्पा तिळगूळ खात बसले होते. तिळगूळ दोन्ही घरांचा होता. मी त्या सकाळी फार सुखात होते, हे सांगायला मला काही संकोच वाटत नाही.

गिऱ्हाईक पुढं आलं, ठरल्याप्रमाणं. दादानं त्याला चहा पाजला, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारू दिली आणि मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पावनं, ह्यात तेल घालतो आम्ही. तुमच्या कामाचा न्हाई हा." तो माणूस वास घेऊन बघत होता, हसावं का रागवावं ते त्याला कळेना. फाटकापर्यंत त्याला पोचवून दादा परत आला आणि मला म्हणाला, "काय बघतीस? खरंच सांगितलं की."

थंडी सरली तशी मी शिरूरला परत आले. आप्पा त्यानंतरचा हिवाळाही बऱ्यापैकी काढून गेले आणि पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी झोपेतच संपले. तेल आणि कॉकनं त्यांना वाचवलं असं मी म्हणणार नाही. दमा दमाच असतो. पण शेवटच्या हिवाळ्यात त्यांच्या दाराला गोधडी टांगावी लागली नाही. मला तेवढं पुरतं.

मधल्या खोलीत आता मंदाच्या करंजाच्या तेलाचे कॅन निवळत ठेवलेले असतात. दिवसाची वीज येते, त्यामुळं कुट्टी मोटारीवर होते आणि सकाळी अंगणात ट्रॅक्टर धडधडत नाही, तो चालू झाला की सरळ शेताकडं जातो. भिंत उठली नाही. दोघं भाऊ बोलतात का, असं मला नातेवाईक विचारतात. लग्नकार्यात शेजारी शेजारी बसतात, एवढं मी सांगते. बाकी म्हैस विकली आणि दुसरी आणली, तिला काय काय सांगतात ते मला माहीत नाही.

काल संध्याकाळी दुकान आवरलं, गॅलरीतून खोबरेलाची बाटली आत आणली आणि दादाला फोन लावला. म्हटलं, तिकडं थंडी कितपत आहे ते विचारावं. त्यानं फोन उचलला, पण मागं एवढी धडधड की शब्द कळेना.

"कुठंयस? शेतात?"

"न्हाई, अंगणात. आत्ताच आलो."

"मग बंद कर की तो. काय ऐकू येत न्हाई."

"थांब जरा," दादा ओरडून म्हणाला. "तेल निघू दे नळीतलं. सकाळी इलासची पाळी हाय. गारठा लई हाय."

मी थांबले. फोन कानाला धरून उभी राहिले, हातात बाटली. त्या अंगणात धूर जाऊन बसेल अशी आता कुणाची खोली नव्हती, आणि दाराची चौकट धरून ऐकणारंही कुणी नव्हतं. ट्रॅक्टर तरी चालूच होता. बऱ्याच वेळानं तो आवाज थांबला, आणि दादा म्हणाला, "हां शैले, बोल आता."